आमच्या गॅलरीतलं आलं

आलं ही मुद्दाम लावायची गोष्ट आहे, असं 2020 सालापर्यंत मला कधी वाटलं नव्हतं. भाजी घ्यायला गेलं की कोथिंबीर-मिरचीबरोबर बोटभर आलं पिशवीत पडायचं. चार-आठ दिवसांनी ते सुकून जायचं, की पुन्हा नवं. पण त्या वर्षी टाळेबंदी आली. आमच्या वडोदऱ्याच्या सोसायटीत भाजीची गाडी आठवड्यातून एकदा, तीही गेटाबाहेर उभी राहायची. त्यात आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ, मनुका यांचा काढा प्यायला सांगितलेला. घरोघर काढे उकळू लागले आणि आलं गाडीवर दिसेनासं झालं.

अशात एके दिवशी कांद्याच्या टोपलीच्या तळाशी आल्याचा एक विसरलेला गड्डा सापडला. सुरकुतलेला, आणि एका बोटाच्या टोकाला हिरवट-पिवळा कोंब. मी तो कचऱ्याच्या डब्यात टाकणार, एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, टाकतेस काय? त्याला डोळा फुटलाय."

सासूबाईंचं माहेर सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं. सातारा आणि छत्रपती संभाजीनगर हे जिल्हे आल्यासाठी नावाजलेले. त्यांच्या लहानपणी घरच्या शेतात आलं असे. वडोदऱ्यात येऊन त्यांना पन्नास वर्षं झाली, गुजराती त्या माझ्याहून चांगलं बोलतात; पण आल्याचा विषय निघाला की भाषा थेट कोरेगावची होते. गादीवाफा, बेणं, उटाळणी हे शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकले. आणि तरीही, खरं सांगते, त्यांचं मी ऐकलं नाही.

त्या म्हणाल्या होत्या, कुंडी पसरट घे. मी घेतली उंच आणि निमुळती, कारण तीच रिकामी होती. त्या म्हणाल्या होत्या, आल्याला पाणी लागतं पण साचलेलं चालत नाही. मी जुलैच्या पावसातही सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालत होते. चार छान कोंब आले होते. बांबूच्या पानांसारखी अरुंद, लांब पानं. हातात चुरडली की आल्याचा मंद वास. ऑगस्टात खालची पानं कडेनं पिवळी पडू लागली. खत कमी पडलं असेल म्हणून मी आणखी शेणखत घातलं. एक दिवस कोंब धरून हलकेच ओढला तर तो अलगद हातात आला, बुडाशी मऊ, आणि असा घाण वास की काही विचारू नका. "कंदकूज," सासूबाई एवढंच म्हणाल्या. "मी सांगितलं होतं" हे त्या म्हणाल्या नाहीत, त्याचं मला जास्त लागलं.

दुसऱ्या वर्षी मात्र त्यांच्या म्हणण्याबाहेर गेले नाही. ज्यांना घरी आलं लावून पाहायचंय त्यांच्यासाठी ते जरा नीट सांगते.

लावण उन्हाळ्यात, अक्षय्यतृतीयेच्या सुमारास करायची, म्हणजे पाऊस सुरू होईपर्यंत कोंब वर आलेले असतात. बेणं घेताना गड्डा भरीव, तजेलदार आणि डोळे स्पष्ट दिसणारे बघून घ्यायचा. बाजारातलं धुतलेलं, चकचकीत आलं कधीकधी उगवतच नाही, म्हणून मी वेगवेगळ्या गाड्यांवरून तीन-चार गड्डे आणले. (महाराष्ट्रात 'माहीम' ही जात फार लावतात, शेतकऱ्याकडून बेणं मिळालं तर उत्तमच.) गड्डे कोमट पाण्यात काही तास ठेवले, मग दोन-दोन डोळ्यांचे तुकडे केले, साधारण पंचवीस-तीस ग्रॅमचे. कापलेली बाजू ओली असताना मातीत घालायची नाही. राख लावून एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यायची. माझ्या पहिल्या वर्षीच्या चुकांत हीही एक होती.

कुंडीपेक्षा मला भाजीवाल्यांचे प्लास्टिकचे क्रेट आणि जुनी टबं जास्त सोयीची वाटली. फूटभर खोल, पसरट आणि बुडाला भरपूर भोकं. निम्मी माती, निम्म्यात शेणखत आणि वाळू. तुकडा दोन इंच खोल, डोळा वर. दोन तुकड्यांत वीतभर अंतर. वर वाळलेला पालापाचोळा. त्यानं ओल टिकते आणि वडोदऱ्याच्या मे महिन्यात माती भाजून निघत नाही. आल्याला दिवसभराचं कडक ऊन नको. सकाळचं दोन-तीन तास आणि मग सावली. आमची पूर्वेची गॅलरी त्याला अगदी मानवली. कोंब यायला तीन आठवडे लागले, काहींना महिना. या काळात उकरून बघायचा मोह फार होतो. तो आवरायचा.

दोन-अडीच महिन्यांनी माती खाली बसते आणि गड्डे वर डोकावू लागतात, तेव्हा हलक्या हातानं माती मोकळी करून वरून खत-मातीची भर द्यायची. शेतातल्या उटाळणीचीच ही गॅलरीतली धाकटी बहीण. पावसात कुंड्या वळचणीला ओढायच्या. बाकी काही नाही. दिवाळीच्या आसपास कडेनं उकरून कोवळं आलं काढता येतं. त्याची साल इतकी पातळ की बोटानं निघते, आणि रेषा जवळजवळ नाहीतच. डिसेंबर संपता संपता पानं पिवळी होऊन माना टाकतात. ही पिवळी पानं रोगाची नव्हेत. पाणी तोडायचं, दोन-तीन आठवडे थांबायचं आणि काढणी करायची.

जानेवारी 2022 मध्ये आम्ही गॅलरीत जुन्या चादरीवर टबं उलटी केली. पाच टबांतून तीन किलोच्या वर आलं निघालं. सासूबाई खुर्चीवर बसून एकेक गड्डा झटकत होत्या. माती नखांत गेली तरी त्यांनी हात धुतले नाहीत कितीतरी वेळ.

आता तीन किलो आल्याचं चौघांच्या घरात करायचं काय? पहिले काही दिवस मजेत गेले. कोवळ्या आल्याच्या बारीक काड्या करून लिंबाच्या रसात सैंधवासह घातल्या, तर दुसऱ्या दिवशी बरणी फिकट गुलाबी! रंग घातला का, असं शेजारच्या बांनी विचारलं. कोवळ्या आल्याचा तो स्वभावच आहे. जून आल्याला हा रंग येत नाही. बांकडे त्यात ओल्या हळदीचे तुकडेही घालतात आणि हिवाळाभर जेवणाबरोबर खातात. जेवणाआधी आलं-मीठ खावं हे आयुर्वेदात सांगितलंय, पण बांनी ते कुठं वाचलेलं नाही. त्यांच्या पानात ते आपोआप येतं.

मग आलेपाक. एक वाटी आल्याचे काप थोड्या दुधात वाटून घेतले, त्यात पावणेदोन वाट्या साखर, दोन चमचे साय. मिश्रण शिजताना सुरुवातीला दूध फाटल्यासारखं दिसतं, घाबरायचं नाही. कडेनं सुटून गोळा होऊ लागलं की उतरवून घोटायचं आणि तूप लावलेल्या ताटात थापून गरम असतानाच वड्या कापायच्या. एकदा मी गोळी व्हायच्या आधीच उतरवलं आणि आम्ही आठवडाभर आलेपाक चमच्यानं खाल्ला.

दूध फाटण्याचं कारण मला उशिरा कळलं. कच्च्या आल्यात दुधातल्या प्रथिनांना तोडणारं एक विकर असतं. चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतात याचाच उपयोग करून आल्याच्या रसावर गरम दूध ओततात आणि दह्यासारखा घट्ट गोड पदार्थ बनवतात. आपल्याला मात्र चहात तो नको असतो. म्हणून आलं आधी पाण्यात चांगलं उकळू द्यावं, उष्णतेनं ते विकर निष्प्रभ होतं, मग दूध. इतकी वर्षं 'आज दूधच खराब होतं' म्हणून मी दूधवाल्या भैयाला किती बोलले असेन! इथल्या चहात आल्याबरोबर गवती चहा आणि पुदिनाही पडतो. हे म्हणतात, त्याला चहा म्हणायचं की सूप. पण दोन कप घेतात.

आमच्या सोसायटीत सगळ्या प्रांतांची माणसं. एकाच वस्तूला कुणी आदु म्हणतं, कुणी अदरक, कुणी आदा. वरच्या मजल्यावरच्या केरळी वहिनींचं इंजी. ओणमच्या पानात चिंच-गुळात शिजवलेलं त्यांचं 'पुळि इंजी' असतं, ते मी दोन वाट्या मागून आणते. कन्नडमध्ये तर ओल्या आल्याला 'हसी शुंठी', म्हणजे ओली सुंठच म्हणतात. संस्कृतात त्याचं एक नाव शृंगवेर, शिंगासारख्या आकारावरून. इंग्रजी जिंजर शब्दाचं मूळ तिथवर नेऊन पोचवतात.

हे सगळं छान चाललं होतं. मी तिथंच थांबायला हवं होतं.

ह्यांच्या हृदयाची एक झडप 2016 साली बदलली आहे. यांत्रिक झडप असली की रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि मात्रा बरोबर आहे ना हे पाहायला ठरावीक दिवसांनी रक्ताची आय.एन.आर. नावाची तपासणी करावी लागते. आमचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये असायला हवा. कमी झाला तर गुठळीची भीती, वाढला तर रक्तस्रावाची. तारखा आणि आकडे लिहायची एक वही स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते.

त्या जानेवारीत मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला एक मजकूर माझ्या वाचनात आला. आल्याचा आणि लसणीचा रस, लिंबू, मध एकत्र आटवून रोज सकाळी घ्या, हृदयाला उत्तम, रक्त पातळ राहतं. घरचं, बिनफवारणीचं आलं समोर ढीगभर पडलेलं. मी बाटलीभर रस करून ठेवला आणि ह्यांना रोज उपाशीपोटी दोन मोठे चमचे देऊ लागले. शिवाय संध्याकाळी काढा.

सासूबाई म्हणाल्या, "रोज? रोज कशाला? खोकला झाला, अजीर्ण झालं तर द्यावं. आलं काय भाजी आहे?"

मी हसून सोडून दिलं. मनात म्हटलं, ह्यांना काय कळतंय शिकल्या-सवरल्यांचं. वाक्य लिहिताना आज लाज वाटते, पण म्हटलं होतं हे खरं.

तीन आठवडे झाले असतील. त्याच सुमारास साथीमुळे दवाखान्यात जायचं टाळून तपासणीही मी दहा-बारा दिवस पुढं ढकलली होती. एका सकाळी बेसिनमध्ये लाल दिसलं. दात घासताना हिरडी दुखावली असेल, हे म्हणाले. मग अंघोळीहून आले तर दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग. कुठं लागलं? त्यांना आठवेना. दाराची कड लागली असेल. माझे हातपाय गार पडले. दुपारपर्यंत रक्त दिलं, संध्याकाळी आकडा आला: पाचाच्या वर.

डॉक्टरांनी शांतपणे एकेक विचारलं. गोळी चुकून दोनदा घेतली का? नाही. मध्ये प्रतिजैविकं? नाही. ताप, जुलाब, जेवण कमी? नाही. हिरव्या भाज्या नेहमीइतक्याच? हो. दुसरं काही औषध? मी ठामपणे म्हटलं, "नाही. काहीही नाही."

"घरगुती काही?"

"तसं काही नाही, आलं-लसणीचा रस फक्त. पण ते औषध थोडंच आहे?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "औषध समजूनच देत होतात ना?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आकडा नेमका आल्यानं वाढला, लसणीनं वाढला, की दुसऱ्या कशानं, हे ठामपणे सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. पण आलं आणि लसूण दोन्ही मोठ्या प्रमाणात घेतली तर या गोळीबरोबर जपावं लागतं. स्वयंपाकातलं, चहातलं आलं चालेल, मात्र रोज साधारण सारखं असू द्या. रस, काढे, चूर्ण, कॅप्सूल विचारल्याशिवाय नाही. कोणत्याही शस्त्रक्रियेआधीही हे सांगायचं. गोळी दोन दिवस थांबवली, मात्रा बदलली, पुन्हा तपासणी. ते दोन दिवस हे घरात नुसते फिरले तरी मी मागे मागे. पायरी बघा, कड बघा. रात्री दोनदा उठून दिवा लावून पाहिलं. तिसऱ्या दिवशी आकडा खाली आला तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. हे म्हणाले, "चल, चहा पिऊ. बिनआल्याचा."

घरी आल्यावर उरलेला रस मी मोरीत ओतला. सासूबाईंजवळ जाऊन बसले. त्यांना म्हटलं, "तुम्ही सांगत होतात." त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी जोरानं सांगायला हवं होतं. मलाच वाटलं, तुम्ही वाचून करताय, मला काय कळतं." म्हणजे आम्ही दोघींनी एकच गोष्ट मनात धरली होती.

यानंतर डॉक्टरांना आणि जरा जाणत्या मंडळींना विचारून मी काही गोष्टी त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवल्या. गरोदरपणातल्या मळमळीवर थोडं आलं बऱ्याच जणींना उपयोगी पडतं, पण तेही डॉक्टरांना विचारून. माझ्या भाचीला सकाळी आल्याचा छोटासा तुकडा तोंडात धरून बरं वाटायचं. पोट जड झालं, वारा धरला तर आलं-लिंबू-सैंधवासारखं पाचक नाही. सर्दीत आल्याचा गरम चहा घशाला बरा वाटतो; सर्दी तिच्या वेळेलाच जाते, 'सुंठीवाचून खोकला गेला' म्हणतात तसं. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांना उपाशीपोटी आलं जळजळ करतं. पित्ताशयात खडे असतील तर विचारून घ्यावं. मधुमेह असलेल्यानं आलेपाक 'औषधी' म्हणून खाऊ नये, त्यात आल्यापेक्षा साखर जास्त. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला आलं-मधाचं चाटण मुळीच नको. अडचण मधाची आहे, इतक्या लहान बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देत आले, हे उत्तर मीही दिलं असतं पूर्वी.

उरलेल्या आल्याची आम्ही सुंठ केली. हे काम सासूबाईंनी माझ्यावर सोपवलं नाही. आल्याचा सुगंधी अंश सालीच्या लगेच खाली असतो, म्हणून साल सुरीनं तासायची नाही. त्यांनी बांबूच्या चिपेनं अलगद खरवडली. धुऊन, गच्चीत आठ-दहा दिवसांचं ऊन. सव्वा किलोची जेमतेम पाव किलो झाली. सुंठ ताज्या आल्याहून तिखट का लागते? वाळताना आल्यातलं तिखट द्रव्य बदलतं आणि आणखी झणझणीत होतं. उलट शिजवलं की तेच सौम्य, किंचित गोडसर होतं. म्हणून भाजीतलं आलं जिभेला लागत नाही आणि सुंठवड्याची चिमूटभर भुकटी कानापर्यंत पोचते.

तळमजल्यावरचं जैन कुटुंब ओलं आलं खात नाही, जमिनीखालचं म्हणून. पण सुंठ चालते. एक डबी त्यांना गेली. रामनवमीला सुंठवडा झाला. आंब्याच्या दिवसांत बांकडे रसाच्या वाटीत तूप आणि सुंठ, ती आमच्याच घरची. पुरणातही जायफळाबरोबर तीच. चिमूट-चिमूट वापरूनही पुढच्या लावणीपर्यंत पुरली.

तेव्हापासून दर वर्षी लावण करतो, पण दोनच टबं. काढणीतले चांगले गड्डे कोरड्या वाळूत घालून मातीच्या मडक्यात, कॉटखाली ठेवतो. हेच पुढच्या वर्षीचं बेणं. ते मडकं केव्हा उघडायचं, हे सासूबाई ठरवतात. यंदा त्यांना वाकता येत नाही, म्हणून खुर्चीवर बसून त्यांनी तुकडे हातात घेऊन डोळे तपासले, दोन बाजूला टाकले, आणि काठीच्या टोकानं मला कुठं लावायचे ते दाखवलं.

खिळ्याला टांगलेल्या वहीत मागच्या महिन्याचा आकडा 2.9 आहे. पहिल्या टबात काल तीन कोंब दिसले. चौथ्या जागी अजून काही नाही, मी उकरून बघायला हात घातला, तर आतून आवाज आला, "राहू दे."